खेड्याची एसटी सुधारायची तर आधी परतीची गाडी पक्की करा

सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या एका तालुक्यातून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आगारात नव्या गाड्या आल्या, कंडक्टरच्या हातात क्यूआर कोड दाखवणारं मशीन आलं, गाडी कुठे पोचली ते मोबाइलवर कळेल असंही सांगितलं गेलं. पण गावाची दुपारची आणि संध्याकाळची फेरी याच काळात बंद झाली. मग नवं तंत्रज्ञान आणि वाढीव फेऱ्या यांतून खेड्यातली वाहतूक खरोखर सुधारते का? आणि गावाने नेमकं काय मागावं?

माझी बहुतेक नोकरी एसटीच्या वाहतूक शाखेत, वेळापत्रकं बसवण्यात गेली. त्या अनुभवावरून सांगतो: सुधारते, पण कामांचा क्रम बरोबर असेल तरच. खेड्यातला माणूस सकाळी घराबाहेर पडताना एकच हिशेब करतो, संध्याकाळी परत कसं यायचं. परतीची खात्री असेल तर तो गाडीची तासभर वाट बघेल, उभ्याने प्रवास करेल. खात्री नसेल तर सकाळची गाडी दारात उभी असली तरी तो शेजाऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसेल किंवा वडापच्या खासगी जीपने जाईल. कॉलेजला जाणाऱ्या मुलीच्या बाबतीत तर घरचे लोक बारावीनंतरचं शिक्षण थांबवायचा निर्णयही याच एका गोष्टीवर घेतात. म्हणून ॲप, विजेची गाडी, नवा मार्ग यांतलं काहीही पुढे आलं की मी पहिल्यांदा विचारतो, याने परतीची गाडी पक्की होते का?

१ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली एसटी धावली. तिथपासून पुढची कित्येक वर्षं महामंडळाचं यश मोजायचं माप एकच होतं, एसटी किती गावांपर्यंत पोचली. ते माप त्या काळाला योग्यच होतं, आणि काही भागांत आजही आहे. गडचिरोलीत अहेरी ते गर्देवाडा बस सुरू झाली ती १ जानेवारी २०२५ ला. तिथे गाडी पहिल्यांदा पोचणं हीच मोठी गोष्ट होती. पण पश्चिम महाराष्ट्र, कोकण, मराठवाडा इथल्या बहुतेक गावांत ती पायरी ओलांडून झाली आहे. कागदावर गाव ‘एसटीने जोडलेलं’ असतं, आणि प्रत्यक्षात दिवसाला एक फेरी असते, तीही सकाळी साडेअकराला. या गावांसाठी माप बदलायला हवं. सकाळी नऊपर्यंत तालुक्याला पोचता येतं का, तिथे चार-पाच तास मिळतात का, आणि अंधार पडायच्या सुमारास परत येता येतं का? या तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तरच ते गाव जोडलेलं समजावं.

आता परतीचीच फेरी आधी का कापली जाते ते समजून घ्या. गावकरी सहसा म्हणतात की डेपोवाल्यांना आमचं काही पडलेलं नाही. खरी कारणं हिशेबात आहेत, आणि ती माहीत असली तर भांडण नीट भांडता येतं.

पहिलं कारण भारमान. प्रत्येक फेरीची आसनं किती भरली आणि किलोमीटरमागे उत्पन्न किती आलं हे आगारात फेरीनिहाय तपासलं जातं. समजा सकाळी पावणेसातची फेरी गच्च भरते, साडेअकराच्या परतीच्या फेरीला नऊ माणसं असतात, आणि साडेपाचची पुन्हा बऱ्यापैकी भरते. गाड्या कमी पडल्या की साडेअकराची फेरी बंद होते. कागदावर हे बरोबर दिसतं. पण ती नऊ माणसं कोण असतात? सकाळी दवाखान्यात गेलेली म्हातारी, बँकेचं काम आटपलेला शेतकरी, तहसीलमध्ये दाखल्याला गेलेली बाई. त्यांची परतीची गाडी गेली की ती सकाळीही एसटीने जात नाहीत. दोन-तीन महिन्यांत पावणेसातच्या गाडीचंही भारमान उतरतं, आणि पुढच्या छाटणीत तिचाच नंबर लागतो. फेरी एकटी तपासणं हीच मूळ चूक आहे. जाणं आणि येणं मिळून दिवसाचा एक संच धरून हिशेब केला तर अशा कितीतरी फेऱ्या वाचतील.

दुसरं कारण ड्युटी. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यापासून चालत आलेल्या चौकटीनुसार चालक-वाहकाचं काम दिवसाला आठ तास, आणि मधली विश्रांती धरून पसारा बारा तासांच्या आत बसावा लागतो. गावाला गाडी हवी असते पहाटे सहाला आणि संध्याकाळी सातला. हा पसारा तेरा तासांचा होतो, म्हणजे एका चालक-वाहक जोडीत बसत नाही. दुसरी जोडी नसली की संध्याकाळची फेरी जाते. शिवाय पहाटे सहाची गाडी आगारातून निघणार असेल तर ती पाचला रिकामी निघते आणि रात्री रिकामीच परतते. आगार अठ्ठावीस किलोमीटरवर असेल तर रोजचे छप्पन्न किलोमीटर बिनउत्पन्नाचे जळतात.

यावर जुना, अगदी साधा तोडगा म्हणजे मुक्कामी गाडी. जोडी दुपारी कामाला लागते, संध्याकाळची शेवटची फेरी घेऊन गावात येते, रात्री झोपते, सकाळची पहिली फेरी घेऊन जाते आणि दुपारपर्यंत मोकळी होते. शेवटची गाडी आणि पहिली गाडी एकाच जोडीत मिळते, आणि रिकामे किलोमीटर शून्य. मग मुक्कामी गाड्या का कमी झाल्या? बऱ्याच ठिकाणी कारण अगदी क्षुल्लक वाटेल असं आहे. चालक-वाहकाला झोपायला जागा नसते. देवळाच्या ओवरीत डास, प्यायला पाणी कुणाकडे तरी मागायचं, संडास नाही, पावसाळ्यात गाडीच्या सीटवरच रात्र काढायची. अशी ड्युटी कुणी खुशीने घेत नाही, आणि रात्रभर झोप न झालेल्या चालकाच्या हाती सकाळी शाळेच्या मुलांची गाडी देणं धोक्याचं आहे. ग्रामपंचायतीने एक खोली, दोन खाटा, पंखा, संडास, कुलूप आणि गाडी उभी करून वळवायला मुरूम टाकलेली पक्की जागा दिली, वाहक बाई असेल तर तिची वेगळी सुरक्षित सोय केली, तर मुक्कामी गाडी मागण्याचा तुमचा हक्क दुप्पट होतो. या खोलीचा खर्च एखाद्या कमानीपेक्षा कमी येतो.

तिसरं कारण गाड्यांचाच तुटवडा. कोविडआधी महामंडळाकडे अठरा हजारांच्या आसपास गाड्या होत्या, नंतर त्या पंधरा-सोळा हजारांवर आल्या. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या संपाच्या काळात खेड्यांनी आपापली पर्यायी सोय लावून घेतली, आणि नंतर कित्येक फेऱ्या पूर्ववत झाल्याच नाहीत. प्रवासी मात्र संपलेला नाही. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत आणि महिलांना मार्च २०२३ पासून अर्ध्या तिकिटात प्रवास मिळाल्यावर गाड्या कशा भरल्या ते तुम्ही पाहिलंच आहे. सवलत हातात आहे, पण गावाला गाडीच नाही, ही स्थिती सगळ्यात जास्त टोचते.

आता तंत्रज्ञानाचं. खेड्यासाठी सगळ्यात मोलाचं तंत्रज्ञान म्हणजे ‘आज फेरी रद्द आहे’ हा निरोप वेळेवर पोचणं. सकाळी पाचला वाहक आला नाही किंवा गाडी नादुरुस्त निघाली, हे वाहतूक नियंत्रकाला पाचलाच कळतं. गावाला ते कळतं साडेसातला, जेव्हा परीक्षेची मुलं थांब्यावर उभी राहून कंटाळलेली असतात. ही अडीच तासांची माहिती कुठेच अडायला नको. नियंत्रकाने संगणकावर फेरी रद्द केली की त्या मार्गावरच्या मुख्याध्यापकांना, सरपंचांना, थांब्याशेजारच्या दुकानदाराला आणि नाव नोंदवलेल्या प्रवाशांना आपोआप एसएमएस जायला हवा. याला नवी गाडी लागत नाही. असा निरोप नियमाने आला तर लोक रद्द फेरीही सहन करतात, कारण निरोप न आलेल्या दिवशी गाडी नक्की आहे हे त्यांना ठाऊक असतं.

गाडीचा माग काढणारं यंत्र या कामाला उपयोगी पडतंच. एआयएस-१४० या मानकानुसार २०१९ पासून नव्या सार्वजनिक प्रवासी गाड्यांना ते आणि आणीबाणीचं बटण बंधनकारक आहे. घाटात आणि दऱ्याखोऱ्यांत नेटवर्क जातं ही तक्रार खरी आहे. पण यंत्र मधली नोंद साठवून ठेवतं आणि नेटवर्क आलं की पाठवतं. शिवाय थांब्यावरच्या माणसाला मिनिटामिनिटाचा नकाशा नको असतो. ‘गाडी फाट्यावरून ६.१० ला निघाली’ एवढं कळलं तरी पुढचं तो स्वतः सांगू शकतो. आणि ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांच्यासाठी थांब्यावर रंगवलेला वेळेचा फलक आणि उचलला जाणारा आगाराचा फोन यांची जागा कुठलंही ॲप घेऊ शकत नाही.

दुसरी मोलाची गोष्ट तिकीट मशीनमध्ये साठते. प्रत्येक तिकिटावर कुठून, कुठे, किती वाजता हे सगळं असतं. कुठल्या गावातून किती माणसं तालुक्यावरून पुढे जिल्ह्याला जातात, बाजाराच्या दिवशी कुठली फेरी फुटते, हे त्यातून काढता येतं. फक्त एक मोठं भोक आहे: पासवाली मुलं. विद्यार्थ्यांना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत आहे, आणि ग्रामीण भागातल्या बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत मिळतो. गर्दीत वाहक पास बघतो आणि पुढे सरकतो, प्रत्येक पासाची नोंद मशीनमध्ये होतेच असं नाही. त्यामुळे साठ मुलांनी खचाखच भरलेली गाडी आकडेवारीत निम्मी रिकामी दिसू शकते. पासाला क्यूआर कोड किंवा स्पर्शाचं कार्ड द्यायचं खरं कारण हेच आहे. रोखीचा त्रास वाचतो हा फायदा दुय्यम. मुलांचा प्रवास मोजला गेला तर त्यांची फेरी टिकेल.

तिसरं काम वेळापत्रक उघडं करण्याचं. लांब पल्ल्याच्या गाड्या आरक्षणाच्या संकेतस्थळावर सापडतात, गावाच्या साध्या गाड्या सापडत नाहीत. वेळापत्रकाची माहिती जीटीएफएस या ठरलेल्या साच्यात भरून खुली केली की कोणतंही नकाशाचं ॲप ती दाखवू शकतं. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या बससेवेने गूगलबरोबर २००५ मध्ये हा साचा तयार केला, दिल्लीने २०१८ मध्ये आपल्या बसचा डेटा असा खुला केला. एका तालुक्याचं काम चार जाणती माणसं आगाराच्या नोंदवहीवरून थोड्या दिवसांत उरकू शकतात. खरा कस वेळापत्रक बदललं की त्याच दिवशी माहिती बदलण्यात लागतो. चुकीची वेळ दाखवणारं ॲप काहीच न दाखवणाऱ्यापेक्षा वाईट, म्हणून हे काम कुणा एका माणसाच्या नावावर लेखी असायला हवं.

विजेच्या गाड्यांबद्दल खूप विचारणा होते. ‘शिवाई’ १ जून २०२२ ला पुणे–अहमदनगर मार्गावर सुरू झाली, पुढे भाडेतत्त्वावर पाच हजारांहून जास्त विजेच्या गाड्या घ्यायचा करार झाला. त्या जरूर याव्यात. पण एक अडचण फारशी कुणी बोलत नाही. विजेची गाडी रात्री चार्जिंगला आगारात परतते, म्हणजे मुक्कामी ड्युटी मोडते. खेड्याच्या दृष्टीने सध्या शहाणपणाचं हेच की विजेच्या गाड्या तालुका ते जिल्हा अशा भरलेल्या रस्त्यांवर घालाव्यात आणि तिथून सुटलेल्या डिझेल गाड्या गावांच्या फेऱ्यांना द्याव्यात. नव्या गाड्या आल्या की जुन्या कुठे गेल्या हे प्रत्येक गावाने विचारलं पाहिजे. बहुतेक वेळा त्या भंगारात निघालेल्या असतात आणि गावाच्या वाट्याला काहीच येत नाही.

पुढे मात्र मुक्कामी गाडीही विजेची होऊ शकते. नऊ मीटरच्या गाडीला किलोमीटरला साधारण एक युनिट लागतं असं धरा. सकाळच्या साठ किलोमीटरसाठी रात्रभरात साठ-सत्तर युनिटं भरायची, म्हणजे आठ तासांत नऊ किलोवॉटच्या आत. पिठाच्या गिरणीला लागते तेवढी ही थ्री-फेज जोडणी. गावठाणाच्या फीडरवर रात्रीचा पुरवठा भरवशाचा असेल तर ग्रामपंचायतीशेजारी छोटा चार्जर बसवून हे जमेल. एका आगारात दोन गावांत करून बघावं, असं माझं आग्रहाचं मत आहे.

गाडीच्या आकाराचाही विचार हवा. पंतप्रधान ग्रामसडक योजनेतल्या रस्त्यांची डांबरी पट्टी साधारण ३.७५ मीटर, कमी वर्दळ असेल तिथे तीनच मीटर. त्यावरून अडीच मीटर रुंदीची गाडी जाते आणि समोरून उसाचा ट्रॅक्टर येतो. साइडपट्ट्या खचलेल्या असतात, म्हणून पावसाळ्यात चालक त्या रस्त्याला नाही म्हणतो, आणि त्याचं बरोबर असतं. अशा ठिकाणी वीस-पंचवीस आसनांची गाडी हवी. एसटीने पूर्वी ‘यशवंती’ नावाने छोट्या गाड्या आणल्या होत्या. छोट्या गाडीवर चालक-वाहकाचा खर्च मोठ्या गाडीइतकाच येतो, त्यामुळे ती सगळीकडे परवडत नाही. फाट्यावर मोठ्या गाडीला जोड मिळेल अशा बेताने ती फिरवली तर मात्र चालते. स्वित्झर्लंडमध्ये १९८२ पासून आगगाड्यांची वेळ तासाच्या ठरावीक ठोक्यावर बांधलेली आहे, आणि खेड्यातल्या पोस्टबस तो ठोका पकडतात. आपल्याकडे तालुक्याच्या स्थानकात सकाळी साडेनऊला चारही दिशांच्या गावगाड्या येऊन टेकाव्यात आणि दहा मिनिटांनी जिल्ह्याची गाडी सुटावी, एवढं जरी साधलं तरी एकही फेरी न वाढवता शेकडो लोकांचा दिवस वाचेल. आज अनेक ठिकाणी जिल्ह्याची गाडी सुटते आणि पाच मिनिटांनी गावची गाडी आत शिरते.

वडापवर बंदी घाला, अशी मागणी अर्जात शक्यतो करू नका. ज्या गावाला एसटी नाही तिथे जीपवाल्यानेच बाळंतिणी दवाखान्यात पोचवल्या आहेत. पण बारा-तेरा माणसं कोंबलेली, पायरीवर मुलं लटकलेली जीप हा कायमचा तोडगा असू शकत नाही, आणि अपघात झाला तर विम्याच्या दाव्यात अडचणी येतात. त्यांना नियमाखाली आणता येतं. तामिळनाडूने १९९७ पासून गावांसाठी खासगी मिनीबसला मर्यादित लांबीचे परवाने दिले. गोव्यात ‘म्हजी बस’ योजनेत खासगी बसमालक कदंब या तिथल्या सरकारी बस महामंडळाच्या छत्राखाली ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या वेळी धावतात आणि त्यांना किलोमीटरमागे आधार मिळतो. आपल्याकडे एसटी जिथे खरंच पोचू शकत नाही अशा फाट्यापासून वाडीपर्यंतच्या तुकड्यांवर हे करून बघावं. मुख्य रस्त्यावर नको, नाहीतर गर्दीच्या मार्गावरचे प्रवासी खासगीवाले उचलतील आणि आडगाव पुन्हा एसटीच्या गळ्यात.

फोनवरून बोलवायच्या गाडीचा प्रयोग वेल्समध्ये ‘फ्लेक्सी’ नावाने २०२० पासून चालू आहे. आपल्या दाट वस्तीच्या गावांना ठरलेल्या वेळेची गाडीच बरी. अक्कलकुवा-धडगावसारख्या विखुरलेल्या पाड्यांत मात्र बाजाराच्या दिवसापुरता, किराणा दुकानातून नोंदणी घेऊन, असा प्रयोग करायला हरकत नाही.

पैसे कोण देणार? गावाच्या फेरीचं तिकीट तिचा पूर्ण खर्च कधीच भरून काढणार नाही, हे एकदा उघडपणे मान्य करावं. शाळा नफ्यात चालत नाही म्हणून आपण ती बंद करत नाही. एसटीच्या तिकिटावर राज्य १७.५ टक्के प्रवासी कर घेत आलं आहे. निदान गावफेऱ्यांवरचा हा कर त्याच फेऱ्यांसाठी बाजूला ठेवावा, ही मागणी रास्त आहे. मानव विकास कार्यक्रमात १२५ तालुक्यांत मुलींसाठी निळ्या बस चालतात, त्यांचा खर्च त्या कार्यक्रमातून येतो. पैसे कशासाठी दिले ते ठरलेलं असलं की फेरी टिकते, हे त्यातून दिसतं. केरळने २०२२ मध्ये ‘ग्रामवंडी’ सुरू केली. डिझेलचा खर्च ग्रामपंचायतीचा, गाडी, कर्मचारी आणि दुरुस्ती महामंडळाची, आणि मार्ग पंचायत सुचवणार. आपल्याकडे हिशेब करून बघा. रोजचे साठ किलोमीटर वाढवले, लिटरला पाच किलोमीटर धरले, तर बारा लिटर डिझेल, साधारण अकराशे रुपये. महिन्याच्या सव्वीस दिवसांचे अठ्ठावीस-एकोणतीस हजार. मार्गावर सहा गावं असतील तर गावामागे पाच हजारांच्या आत, आणि त्यातून तिकिटाचं उत्पन्न वजा होतं. गरीब पंचायतीवर हा भार टाकू नये, तिथे जिल्हा नियोजनातून तरतूद व्हावी. पण ज्यांना शक्य आहे त्यांनी असा ठराव दिला तर आगार व्यवस्थापकाला वरिष्ठांकडे ठेवायला ठोस कागद मिळतो.

तुमच्या गावासाठी आत्ताचं काम सांगतो. शाळा जूनमध्ये उघडतात, तेव्हा अर्ज एप्रिलच्या आत आगारात आणि विभाग नियंत्रकांकडे पोचला पाहिजे. नंतर गाड्यांची वाटणी झालेली असते. नवी फेरी मागण्याआधी संध्याकाळची बंद झालेली फेरी मागा, आणि शक्यतो मुक्कामी मागा. अर्जाला घरोघर फिरून केलेली यादी जोडा: किती मुलं कुठल्या शाळा-कॉलेजात जातात, त्यांची सुटण्याची वेळ काय, किती जण कामाला जातात, डायलिसिसला किंवा नियमित उपचारांना कोण जातं. बंद फेरीची गेल्या वर्षभराची नोंद, म्हणजे ती किती दिवस धावली आणि किती दिवस रद्द झाली, माहितीच्या अधिकारात मागा. मुक्कामाच्या खोलीचा ग्रामसभेचा ठराव सोबत द्या. आणि अर्ज एकट्या गावाचा नको. गाडी मार्गावर धावते, म्हणून मार्गावरच्या सगळ्या गावांच्या सह्या आणि एकच वेळ, सर्वांनी आधी आपसात ठरवलेली. सहा गावांनी सहा वेगवेगळ्या वेळा मागितल्या तर वाहतूक शाखेला फेरी बसवताच येत नाही.